पॅनलवर एक, पडद्यावर दुसरेच: बातमीपत्र चालवणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्वयंचलन सॉफ्टवेअरच्या कंट्रोल पॅनलमधील दोष आणि आमच्या ऑपरेटरवर ठेवलेला चुकीचा ठपका

महोदय,

पणजीतल्या एका वृत्तवाहिनीच्या पीसीआरची (प्रसारण चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाची) जबाबदारी माझ्याकडे आहे. आमची मराठी आणि कोकणी बातमीपत्रे गेल्या ऑगस्टपासून तुमच्या सॉफ्टवेअरवर जातात. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) आठवड्यात सात वाजताच्या मराठी बातमीपत्रात एक गंभीर चूक झाली. आम्ही तक्रार नोंदवली, तेव्हा तुमच्या विभागाने तीन दिवसांत ‘वापरकर्त्याची चूक’ असा शेरा मारून ती बंद केली. हा शेरा चुकीचा आहे. तो लेखी मागे घ्यावा आणि पॅनल दुरुस्त करून द्यावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी दुपारी डिचोली तालुक्यातला एक तरुण मुलगा नदीत बुडून गेला होता. बातमी लहानशीच होती. रनडाउनच्या, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीच्या, चौदाव्या ओळीवर अँकरचे कॅमेऱ्यावरचे निवेदन, पंधराव्या ओळीवर नदीकाठची दृश्ये आणि त्यावर अँकरनेच वाचायचा मजकूर, खाली मुलाच्या नावागावाचा ॲस्टन (अक्षरांची पट्टी). सोळाव्या ओळीवर ब्रेकला जाताना दाखवायची शिगम्याची झलक. वर अकराव्या ओळीवर मडगाव पालिकेवरचे पॅकेज (संकलित चित्रफीत) होते. ते एडिटमधून वेळेत आले नाही म्हणून आम्ही ते वगळून पुढे गेलो होतो. अँकर मुलाची बातमी वाचू लागली आणि त्याच सुमारास बातम्या लावणाऱ्या डेस्कने ते राहून गेलेले पॅकेज उचलून रनडाउनच्या शेवटी टाकले. डेस्कचे यात काहीच चुकले नाही. बातमीपत्र हवेत असताना रनडाउन हलतच असते, रोज हलते.

मी ऑपरेटरच्या मागच्या खुर्चीवर होते. पॅनलवरच्या ‘नेक्स्ट’च्या बटणावर ‘डिचोली ब’ एवढी अक्षरे दिसत होती. वेलांटी नेहमीसारखी भलतीकडे पडलेली, पण ती कोणती बातमी आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. अँकरचे वाक्य संपले, प्रोड्यूसर ‘टेक’ म्हणाला, ऑपरेटरने बटणावर एकदा नजर टाकून ‘टेक’ दाबले. पडद्यावर नदीकाठ यायला हवा होता, आला शिगमो. ढोल-ताशे पूर्ण आवाजात, उधळलेला गुलाल, नाचणारी माणसे. झलकेसाठी अँकरचा माइक बंद करायचा असतो, तोही तुमच्या सॉफ्टवेअरने शिस्तीत बंद केला. त्यामुळे तिचे ‘त्याच्या मागे आईवडील आणि’ हे शब्द अर्ध्यावर तुटले आणि त्यांच्या जागी ढोल वाजला. असे सहा सेकंद चालले. आमचे प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचे आहे, म्हणजे १५० फ्रेम.

गोवा लहान आहे. बातमीपत्र संपायच्या आत त्या मुलाच्या घरातल्या एका नातेवाइकाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादक आणि मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात माणसे बसली होती, कोणी आवाज चढवला नाही. मुलाच्या आजीने फक्त एवढे विचारले, “तें वाजप कित्याक लायलें?” (ते वाजवणे कशाला लावले?) मी माफी मागितली. कारण काही सांगितले नाही, कारण त्या अंगणात सॉफ्टवेअरची गोष्ट काढणे मला बरे वाटले नाही. ते कारण इथे सांगते.

तुमच्या शेऱ्यात म्हटले आहे की ऑपरेटरने ‘टेक’च्या आधी चुकून ‘स्किप’ दाबले असावे. तुमच्याच सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये त्या मिनिटात ‘स्किप’ची एकही नोंद नाही. तिथे आहे ते असे: १९:१२:४१ ला डेस्ककडून ओळ हलवल्याचा संदेश आला, १९:१२:४३ ला ‘टेक’ दाबले गेले, १९:१२:४६ ला पॅनलवरचे लेबल बदलले. म्हणजे ज्या क्षणी माझ्या सहकाऱ्याने बटण दाबले त्या क्षणी बटणावर ‘डिचोली ब’ होते आणि सॉफ्टवेअरच्या पोटात शिगमो. त्याने जे वाचले त्यावर विश्वास ठेवला. त्यासाठीच तर बटणावर अक्षरे आहेत!

असे का झाले हे शोधायला मी त्यानंतरच्या चार रात्री शेवटच्या बातमीपत्रानंतर पीसीआरमध्ये बसले. डेस्कच्या सिस्टीमकडून तुमच्याकडे येणारे मॉस प्रोटोकॉलचे संदेश १०५४१ पोर्टवरून टिपून घेतले आणि लॉगशी ताडून पाहिले. रनडाउनमधल्या प्रत्येक बातमीला मॉसमध्ये स्वतःचा आयडी असतो. बातमी हलवल्याचा संदेश येतो तोही आयडीनेच येतो: ही बातमी उचला आणि त्या बातमीच्या आधी ठेवा. ओळ कितवी आहे याच्याशी त्या संदेशाला काही देणेघेणे नसते. तुमचे सॉफ्टवेअर मात्र पुढची बातमी आयडीने लक्षात ठेवत नाही, ओळीच्या क्रमांकाने ठेवते. त्या संध्याकाळी त्याच्या लक्षात होते फक्त ‘पंधरा’. अकरावी ओळ वरून निघून गेली, खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या, मुलाची दृश्ये चौदाव्या ओळीवर गेली आणि पंधराव्या ओळीवर शिगमो येऊन बसला. मी हा प्रयोग २० वेळा केला. पुढच्या बातमीच्या वरची ओळ काढली की ‘पुढची बातमी’ कोणती हे ठरवणारे निशाण दर वेळी घसरते, २० पैकी २० वेळा. खालची ओळ काढली तर एकदाही घसरत नाही.

दुसरा दोष यातच मिसळलेला आहे. सॉफ्टवेअरच्या आत बदल तत्काळ होतो, पण पॅनलवरची लेबले पाच-पाच सेकंदांनी ताजी होतात. निशाण घसरले ते घसरले, बटणावर निदान तेव्हाच ‘शिगमो’ दिसले असते तर त्याचा हात थांबला असता. हा ऑपरेटर साखळीचा आहे, नऊ वर्षे आमच्याकडे आहे. १० मार्च २०२२ ला विधानसभेची मतमोजणी आम्ही हाताने स्विचर (पडद्यावरची दृश्ये बदलण्याचे यंत्र) चालवून दाखवली तेव्हाही तोच खुर्चीवर होता. ४० मतदारसंघ, दर थोड्या वेळाने नवा निकाल, अमुक ठिकाणचा फोनो (फोनवरून वृत्तांत), तमुक ठिकाणचे लाइव्ह, आणि सकाळपासून एकच माणूस. त्या दिवशीही एकदोन कट चुकले. पण चुकलेला कट चुकवणाऱ्याला त्याच क्षणी कळत होता आणि एका बोटाने सुधारताही येत होता.

इथे तर सुधारायलाच सहा सेकंद गेले. स्विचर तुमच्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात असताना हाताने कॅमेऱ्यावर कट मारायचा तर आधी पॅनलवर ‘होल्ड’ दाबायचे, मग ‘मॅन्युअल’ दाबायचे, मग मॉनिटरवर उघडणाऱ्या चौकटीत माउसने ‘होय’ म्हणायचे. बातमीपत्र हवेत आहे, माणसाचे दोन्ही हात पॅनलवर आहेत आणि तुम्ही त्याला माउस शोधायला लावता. हे ज्याने आखले त्याने एकदा तरी सात वाजता कोणत्याही पीसीआरमध्ये येऊन बसावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

देवनागरीबद्दलही लिहिते. त्या दिवशीच्या चुकीला हे कारण झाले नसले तरी उद्या होईल, म्हणून लिहिते. आमचे डेस्क स्लग, म्हणजे बातमीचे छोटे नाव, देवनागरीत लिहिते, मराठीचे तसेच कोकणीचेही. डेस्ककडून येणाऱ्या संदेशात ही अक्षरे पूर्ण आणि नीट असतात, मी ती टिपलेल्या संदेशांत तपासली आहेत. ती मोडतात तुमच्या पॅनलमध्ये. बटणाचे लेबल २४ बाइटला कापले जाते. इंग्रजीची त्यात २४ अक्षरे मावतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. आमच्या वाट्याला आठ खुणा येतात. ‘म्हापसा’ एवढे लिहिले की सात संपल्या. ‘मडगाव पालिका’ आणि ‘मडगाव पाणी’ या दोन वेगळ्या बातम्या बटणावर सारख्याच दिसतात: ‘मडगाव पा’ आणि पुढे एक फुटका चौकोन. शिवाय जोडाक्षरे जुळत नाहीत. म्हापशाच्या म चा पाय मोडलेला दिसतो आणि ह सुटा पडतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे हवी, ती उजवीकडे जाऊन पुढच्या अक्षराला चिकटते.

यावर तुमच्या तंत्रज्ञांनी फोनवर उपाय सुचवला की स्लग इंग्रजीत लिहा. आम्ही महिनाभर तसेही करून पाहिले. डेस्कवरचा प्रत्येक जण गावाचे नाव आपापल्या स्पेलिंगने लिहितो आणि बोलताना म्हणतो वेगळेच, त्यामुळे टॉकबॅकवर (आपसांत बोलायच्या लाइनवर) ‘कुठली बातमी?’ असे विचारण्यातच वेळ जाऊ लागला. हे बातमीपत्र मराठी आहे, ते लिहिणारे, वाचणारे आणि पाहणारे सगळे मराठी वाचतात. ज्या अक्षरांत बातमी लिहिली त्याच अक्षरांत ती बटणावर दिसावी, ही काही वाढीव सोय म्हणून मागत नाही. खरेदीच्या वेळी तुमच्या विक्री प्रतिनिधीला मी हाच प्रश्न विचारला होता आणि ‘युनिकोड आहे’ असे उत्तर मिळाले होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी रनडाउन इंग्रजीत होते आणि ते कोणी हलवतही नव्हते. हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते, याची मला खंत आहे.

सॉफ्टवेअर सगळेच वाईट आहे असे मी म्हणत नाही. ॲस्टन आता अचूक वेळेवर येतात आणि जातात. पूर्वी पाच माणसे लागत ते बातमीपत्र आता तिघे काढतात. पावसाळ्यात रस्ते बंद झाले आणि अर्धा कर्मचारीवर्ग घरी अडकला तेव्हा आम्हाला याचा खरोखर उपयोग झाला. म्हणूनच ते काढून टाकायचे नाही, दुरुस्त करून हवे आहे.

पुढची बातमी तुमच्या सॉफ्टवेअरने ओळीच्या क्रमांकाने नव्हे, तिच्या आयडीने धरून ठेवावी, मग वरखाली काहीही हलो. निशाण आणि बटणावरचे लेबल एकाच क्षणी बदलावे. दोघांत क्षणभरही फरक असेल तर बटणाचा दिवा लुकलुकावा, म्हणजे हात थांबेल. पॅनलवरच एक बटण असे असावे की ते दाबताच अँकरचा कॅमेरा आणि माइक पडद्यावर येईल, मध्ये कोणतीही चौकट न उघडता. लेबल बाइट मोजून न कापता पूर्ण अक्षरावर कापावे आणि देवनागरी जुळवून दाखवावी. यातली पहिली दोन कामे मला १५ दिवसांत हवी आहेत. बाकीची कधी होतील त्याची तारीख लेखी कळवावी. वार्षिक देखभालीचा पुढचा हप्ता त्या उत्तरानंतरच देण्याचा निर्णय आमच्या व्यवस्थापनाने घेतला आहे.

आणि तो शेरा. आमच्या तक्रारीच्या नोंदीतून ‘वापरकर्त्याची चूक’ हे शब्द काढून त्या जागी खरे कारण लिहावे आणि तसे पत्र माझ्या सहकाऱ्याच्या नावे पाठवावे. त्या संध्याकाळनंतर तो आठवडाभर पॅनलवर बसायला तयार नव्हता. आपल्या हातून झाले असेच तो अजूनही समजतो. मी लॉग समोर ठेवून सांगितले तरी त्याला पटत नाही, कारण कंपनीने लिहून दिले आहे. तुम्ही उलट लिहून दिलेत तर कदाचित पटेल.

लॉगची प्रत, टिपलेले संदेश, २० प्रयोगांच्या नोंदी आणि बटणावरच्या मोडक्या अक्षरांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. प्रयोग तुमच्या माणसांसमोर पुन्हा करून दाखवायला मी कोणत्याही रात्री साडेअकरानंतर तयार आहे. तोवर सात वाजताचे बातमीपत्र आम्ही पूर्वीसारखे हाताने स्विचर चालवून काढत आहोत.

आपली,
पीसीआर प्रमुख
पणजी, गोवा