आगमनकाळातलं पत्र

हॅम्बुर्ग, 2 डिसेंबर 2025

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची वाट बघायच्या दिवसांचा, पहिला रविवार पार पडला. इथल्या चर्चमध्ये सूचिपर्णी डहाळ्यांच्या चक्रावर पहिली जांभळी मेणबत्ती लागली. बाबा, हे चक्र मूळचं ह्याच शहरातलं बरं का. योहान हिनरिक विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट गृहस्थ इथे निराधार मुलांचा आश्रम चालवायचे. मुलं रोज भंडावून सोडायची, नाताळ कधी, नाताळ कधी. मग 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र पुष्कळ नंतर आलं.

बाहेर मात्र वाट बघायला कोणाला सवड नाही. नाताळची बिस्किटं दुकानात सप्टेंबरपासूनच येऊन पडतात. वसईत तरी काय वेगळं! स्टार आणि लायटिंगची घाई, फराळाची घाई, आणि पापनिवेदनाची रांग शेवटच्या आठवड्यात. आई, ह्या वर्षी कुलकुल करत रात्री जागू नकोस. गुडघे दुखतात तुझे. विकत आण, कोणी नावं ठेवणार नाही.

त्याऐवजी एक करूया. लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत. 1 तारखेपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या रात्री पूर्ण होतं. गंमत म्हणजे येशूचा जन्म दुसऱ्याच दिवशी होऊन जातो आणि 24 तारखेला आपण पुनरुत्थानाच्या सकाळी पोचतो. मला हा क्रम आवडला. गोठ्यातलं बाळ पुढे कुठे जाणार आहे ते आधी कळलेलं बरं. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे आईला चष्मा शोधत बसायला नको. कालचा अध्याय राहिला असेल तर आज दोन वाचा.

पहिल्याच अध्यायात जखऱ्या आहे. म्हातारा याजक, ‘तुला मुलगा होईल’ ह्या देवदूताच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून मुका झाला. बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी पाटी मागून त्याने ‘योहान’ लिहिलं, तेव्हा कुठे जीभ सुटली. काल वाचताना तुमची आठवण झाली, बाबा. रागावू नका. त्याला देवाने गप्प केलं होतं. तुमचा आणि काकांचा अबोला मात्र तुमचा तुम्हीच धरलाय. तोही विहिरीच्या मोटारीच्या बिलावरून! पाणी दोन्ही वाड्यांना त्याच विहिरीचं. काकांचंही चुकलंय, मला माहीत आहे. ते तुम्हाला चारचौघांत बोलले ते मीही विसरलेले नाही. पण अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे प्रभूचे शब्द लहानपणी तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलेत. त्यात चूक कोणाची ते आधी ठरवा असं कुठे म्हटलंय?

14 तारखेला तिसरा रविवार, गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा. त्याच्या आधी काकांकडे जा. भाषण करायची गरज नाही. तुम्ही दोघे मिळून दर वर्षी अंगणात नाताळचा गोठा बांधायचात. तेवढंच विचारा, ‘बांबू कधी तोडायचे?’ आई, तू काकूंना आधी कानावर घाल म्हणजे काकाही घरात सापडतील. नाचणी पेरायचं काम त्यांच्या नातवंडांना दे, गोठ्याला गवत होईल.

माझी सकाळची ड्युटी आहे, दुपारी घरी असते. तुमची जपमाळ आटोपली की साडेआठला फोन करा, इथे चार वाजलेले असतात. तेवढ्यात इथे अंधार पडतो, पण मी झोपलेली नसते. बिलाचा जो काही फरक असेल तो मी पाठवते. काकांना सांगू नका.

तुमची लेक