बिल्ड टूल निवडायला शिकवणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

पतसंस्थांच्या हिशेबाचं आमचं जावा सॉफ्टवेअर अँट या जुन्या बिल्ड टूलवरून (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या साधनावरून) मेव्हन या दुसऱ्या टूलवर आलं आणि आता नव्या मुलांच्या हातातही ते बिनघोर चालतंय. प्रोजेक्ट तुमचा नव्हता. स्वतःच्या टीमचं काम सांभाळून तुम्ही आमच्यासोबत बसलात. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडपणे लिहितेय, कारण अशाच निवडीपाशी अडलेल्या इतरांनाही तुमची पद्धत कळायला हवी.

2000 साली आलेल्या अँटमध्ये बिल्डची प्रत्येक पायरी आपणच लिहायची असते. लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणून देणं त्याचं कामच नव्हे, त्यासाठी आयव्ही हे वेगळं साधन जोडावं लागतं. आमच्याकडे तेही नव्हतं. लिब फोल्डरमध्ये जार, म्हणजे लायब्ररींच्या फाइली, साठत गेल्या होत्या आणि कोणती कशासाठी आणली हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. बदल हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. वाद होता तो मेव्हन की ग्रेडल हे तिसरं बिल्ड टूल, याचा.

तुम्ही बाजू घेतली नाहीत. बिल्डचा वेळ जातो कुठे, ते आधी मोजायला लावलंत. कंपाइलला फारसा वेळ लागतच नव्हता, तो जात होता डेटाबेसला जोडून चालणाऱ्या टेस्टमध्ये. ग्रेडलचं इन्क्रिमेंटल बिल्ड (बदललेला भागच पुन्हा बांधणं) आणि कॅश (आधीचे निकाल साठवून पुन्हा वापरणं) मोठ्या कोडबेसवर खरोखर वेळ वाचवतात, हे तुम्हीच सांगितलंत. पण पैशाच्या हिशेबाच्या या टेस्टचे जुने निकाल कॅशमधून उचलायला तुमची तयारी नव्हती, आणि ते योग्यच होतं.

मग तुमचा दुसरा प्रश्न: बिल्ड फाइल लिहिणारा उद्या टीममध्ये नसेल, तर ती वाचणार कोण? ग्रेडलमध्ये ती फाइल म्हणजे एक प्रोग्रामच असतो, हवा तसा वळवता येणारा. मेव्हनमध्ये फोल्डरची रचना आणि कंपाइल, टेस्ट, पॅकेज, व्हेरिफाय हा क्रम ठरलेला. आमच्याकडे माणसं सारखी बदलतात, म्हणून मेव्हन.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं. मेव्हन सुचवल्यावर लगेच तुम्ही बोर्डवर त्याचीच दुबळी बाजू मांडलीत. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या वाटांनी आल्या, तर ग्रेडल सहसा वरची आवृत्ती घेतं. मेव्हन मात्र आपल्या प्रोजेक्टपासून कमी टप्प्यांवर असलेली घेतं, टप्पे सारखे असतील तर आधी नोंदवलेली. म्हणजे जुनी आवृत्ती गुपचूप आत येऊ शकते. त्यावर मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनचा डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स नियम तुम्ही लावून दिलात. आवृत्त्या जुळल्या नाहीत की बिल्ड तिथेच थांबतो, आणि कोणती घ्यायची ते आम्ही पॉम या मेव्हनच्या बिल्ड फाइलमध्ये स्पष्ट लिहितो. सुचवलेल्या टूलचे धोके इतक्या मोकळेपणाने सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

शेवटची परीक्षाही तुमचीच: नवं मशीन, रिकामी लोकल रिपॉझिटरी (मशीनवर उतरवलेल्या लायब्ररींचा साठा), आणि एकाच कमांडमध्ये पूर्ण बिल्ड. ती चाचणी आम्ही आजही घेतो.

आता आमचं अँड्रॉइड ॲप सुरू होतंय. तिथे ग्रेडलच घेतोय, कारण अँड्रॉइड ॲपची अधिकृत बिल्ड व्यवस्था त्याच्यावरच उभी आहे. बिल्ड फाइल कोटलिन या भाषेत लिहावी असं मला वाटतं. पहिला मसुदा झाला की पाठवते; सवडीने बघाल ना?

तुमची,
शेजारच्या टीममधली एक डेव्हलपर