एकच दार होतं, म्हणून ती स्पर्धा मोठी झाली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर एक छोटी चौकट आली होती. बास्केटबॉलला जागा दिलीत त्याबद्दल आधी आभार, आयपीएलच्या तोंडावर एवढी जागा मिळणं म्हणजे नशीबच. पण तिच्यात असं होतं की कॉन्फरन्स टूर्नामेंट म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी टीव्हीवाल्यांनी घुसवलेला जादा आठवडा, आणि हे काही पटलं नाही बुवा. निदान अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या, म्हणजे एसीसीच्या बाबतीत तरी हे साफ उलटं आहे, म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉन्फरन्स म्हणजे काही विद्यापीठांचा गट, हिवाळाभर आपसात लीग खेळतात आणि शेवटी तीन ते पाच दिवसांची नॉकआउट. आपल्या रणजीसारखंच की, गटात पहिला नंबर आला तरी क्वार्टर फायनलला एक दिवस वाईट गेला की घरी. फरक एवढाच की रणजीत एका गटातून एकापेक्षा जास्त संघ पुढे जातात आणि एसीसीत सुरुवातीची वीसेक वर्षं एकच जायचा. लीग जिंकणारा नाही हं, नॉकआउट जिंकणारा.

1953 मध्ये सात विद्यापीठं जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून फुटून बाहेर पडली, त्याच वर्षी व्हर्जिनिया येऊन मिळालं आणि आठ झाले. सदर्नमध्ये अशी नॉकआउट 1920 च्या दशकापासून होतीच, ती सवय नव्या घरात आली. पहिली स्पर्धा 1954 ला रॉलीच्या रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, हे नॉर्थ कॅरोलिना स्टेटचं स्वतःचं मैदान, बारा हजारांवर प्रेक्षक बसायचे, आणि जिंकले पण तेच, वेक फॉरेस्टला ओव्हरटाइममध्ये 82-80 हरवून. त्यांचा कोच एव्हरेट केस, इंडियानाच्या शाळांतून आलेला माणूस, जिंकल्यावर शिडीवर चढून बास्केटची जाळी कापायची प्रथा त्यानेच तिकडे रुजवली. पैसा तेव्हाही होताच, नाही कशाला म्हणू, तिकीट विक्री हे मोठं कारण होतंच, पण तो गेटवरचा पैसा होता, टीव्हीचा नंतर आला.

आता खरी गोष्ट अशी की राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएएत, तेव्हा एका कॉन्फरन्सचा एकच संघ घ्यायचे. एकच दार, आणि त्याची किल्ली या तीन दिवसांकडे. 1957 चं बघा, नॉर्थ कॅरोलिना (हे वेगळं, स्टेट वेगळं, दोन्ही हाडवैरी) एकही मॅच हरलेली नाही आणि सेमीफायनलला वेक फॉरेस्टविरुद्ध 61-59 अशी जेमतेम सुटली. सुटली म्हणून पुढे कॅन्ससला, विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला, तीन ओव्हरटाइम खेळून एका पॉइंटने हरवलं आणि 32-0 वर राष्ट्रीय विजेती झाली. ते दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर हा इतिहासच नसता, आणि त्या काळी हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर लोक येत होते ना बघायला.

साउथ कॅरोलिनाचं तर फारच वाईट झालं. 1970 ला त्यांनी एसीसीची लीग 14-0 ने जिंकली, सेमीफायनलला मुख्य खेळाडू जॉन रोशचा घोटा दुखावला आणि फायनल स्टेटविरुद्ध दोन ओव्हरटाइमनंतर 42-39 अशी हरले. संपलं. त्यात कहर म्हणजे पुढची एनसीएएची रीजनल फेरी साउथ कॅरोलिनाच्याच मैदानावर, कोलंबियात होती, म्हणजे घर यांचं आणि खेळणारे पाहुणे. पुढच्या वर्षी हीच स्पर्धा त्यांनी 52-51 अशी जिंकली आणि लगेच कॉन्फरन्सच सोडली. सोडायची कारणं बाकीचीही होती, पण 1970 विसरले असतील असं मला वाटत नाही.

आणि मग 1974. ग्रीन्सबरो, फायनल, नॉर्थ कॅरोलिना स्टेट आणि मेरीलँड, दोन्ही संघ तेव्हा देशातल्या पहिल्या चार-पाचात. स्टेटकडे डेव्हिड थॉम्पसन आणि सव्वासात फुटांचा टॉम बर्लसन, मेरीलँडकडे लेन एलमोर, टॉम मॅकमिलन, जॉन लुकास. थ्री पॉइंटर (लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट) नव्हता, शॉट क्लॉक (ठरलेल्या सेकंदांत बॉल बास्केटकडे टाकायचं बंधन) नव्हतं, तरी स्कोअर 103-100, ओव्हरटाइममध्ये. बर्लसनचे 38. स्टेट पुढे गेली, युसीएलएची सलग सात विजेतेपदांची मालिका तोडली आणि राष्ट्रीय विजेती झाली. मेरीलँड घरी. एनआयटी नावाची दुसरी स्पर्धा होती, तिचं आमंत्रण त्यांनी नाकारलं, आणि बरोबरच केलं. मला विचाराल तर कॉलेज बास्केटबॉलमधली सगळ्यात भारी मॅच हीच आणि हरलेला संघ त्या वर्षी देशात दुसरा असावा. पुढच्याच वर्षी एनसीएएने 32 संघ केले आणि एका कॉन्फरन्समधून एकापेक्षा जास्त घ्यायला लागले. एकट्या या मॅचमुळे नियम बदलला असं म्हणणार नाही, पण तिच्यानंतर जुना नियम ठेवायला तोंड राहिलं नाही एवढं नक्की.

तुमच्या चौकटीत नसलेली अजून एक गोष्ट, आजचा खेळ जसा दिसतो त्यात या स्पर्धेचा हात आहे. शॉट क्लॉक नसल्यामुळे बॉल धरून उभं राहायची मुभा होती. 1968 च्या सेमीफायनलला स्टेटने ड्यूकला हरवलं 12-10 ने! हाफटाइमला 4-2. पैसे देऊन आलेल्या लोकांनी काय बघितलं असेल देव जाणे. (दुसऱ्या दिवशी फायनलला स्टेटने नॉर्थ कॅरोलिनाकडून 87-50 असा मार खाल्ला, बरं वाटलं वाचून.) नंतर 1982 ची फायनल, नॉर्थ कॅरोलिनाकडे मायकल जॉर्डन आणि जेम्स वर्दी, व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन, देशभर टीव्हीवर, आणि शेवटची कितीतरी मिनिटं नॉर्थ कॅरोलिनाचा कोच डीन स्मिथ याचा संघ नुसता बॉल फिरवत बसला, 47-45. लोक भडकले, पुढच्या सीझनला एसीसीने प्रयोग म्हणून 30 सेकंदांचं शॉट क्लॉक आणि थ्री पॉइंट लाइन आणली, आणि 1985-86 पासून देशभर 45 सेकंदांचं क्लॉक आलं. म्हणजे टीव्हीने स्पर्धा घडवली म्हणता, तर हो, इथे टीव्हीचा वाटा आहे, पण तो नियम बदलण्यात.

आता दार एकच नाही राहिलं हे खरं. मोठे संघ हरले तरी एनसीएएला जातात, त्यामुळे ड्यूकवाल्यांच्या पोटात पूर्वीसारखा गोळा येत नसणार, आणि इथवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे, धार कमी झाली. पण ज्यांचं बाकी सगळं संपलंय त्यांच्यासाठी ते दार अजून तसंच आहे. 2024 ला स्टेट लीगमध्ये दहावी, शेवटच्या चार मॅच हरून आलेली, पाच दिवसांत पाच मॅच जिंकायच्या, सेमीफायनलला व्हर्जिनियाविरुद्ध तीन पॉइंट मागे असताना मायकल ओकॉनेलने अगदी शेवटच्या क्षणाला थ्री टाकला आणि मॅच ओव्हरटाइमला नेली. फायनलला नॉर्थ कॅरोलिना, 84-76. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ उजाडत होती, घरचे उठायच्या आत फोनवर बघितली. 1987 नंतर पहिलं विजेतेपद, आणि तिथून थेट फायनल फोर, म्हणजे एनसीएएच्या शेवटच्या चारांत. लीगच्या जोरावर यांना कोणी विचारलंही नसतं.

माझी तक्रार उलट वेगळी आहे. आता एसीसीत 18 विद्यापीठं, त्यात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया म्हणजे अटलांटिकच्या नव्हे तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची, आणि 2025 ला त्यातल्या 15 जणांनाच या स्पर्धेत घेतलं. तळाच्या तिघांना बोलावणंच नाही. मग त्यांच्या बाबतीत 2024 सारखं काही घडायचं कसं? टीव्हीच्या पैशाला शिव्या घालायच्याच असतील तर इथे घाला, मीपण सोबत येतो.

जाता जाता आपल्याकडचं. मुंबईत बास्केटबॉल बघणारे नाहीत असं कोणी म्हणू नये, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, दोन सामने झाले, पेसर्स आणि किंग्जचे, पहिला तर ओव्हरटाइममध्ये 132-131 सुटला, लोक उभं राहून ओरडत होते. कॉलेजांच्या स्पर्धा इथेही होतात, चांगल्या होतात, पण फायनल झालेली आपल्याला तिसऱ्या दिवशी तुमच्या पानाच्या तळाला दोन ओळीत कळते, तीही जागा उरली तर. निकाल दोन ओळीतच द्या, हरकत नाही, पण फायनलच्या आदल्या दिवशी वेळ आणि मैदान तेवढं छापत चला. नागपाड्याची पोरं येतील, त्यांना आग्रह करावा लागत नाही, कुठे आणि किती वाजता एवढंच कळायला हवं.

आपला,
एक जुना बास्केटबॉलवाला, माझगाव