ताईच्या गोळ्या

प्रिय मीनल,

सहा महिने पत्र नाही, रागावली असशीलच. तब्येत बरी, गुडघा आपला तसाच. पण जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

ताईनं लोराझेपामच्या, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या, गोळ्या एका रात्रीत बंद केल्या, आणि तेही माझ्यामुळे. 'या गोळ्यांनी मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो' असं कुठंतरी अर्धवट वाचलं आणि फोनवर तिला सांगून मोकळी झाले. चौथ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम, डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली; आता ती हळूहळू कमी करत आणायची. एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते गं! तिला आली नाही, एवढंच.

मग नीट वाचलं. रक्तपुरवठा कमी होतो हे खरं आहे. पण का? मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम 2 टक्के, आणि हृदयातून निघणारं 15 ते 20 टक्के रक्त त्याला लागतं. ज्या भागातल्या पेशी जास्त राबतात तिकडे रक्त जास्त धावतं. ही गोळी गाबा नावाच्या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. पेशींची धावपळ मंदावते, त्यांना प्राणवायू कमी लागतो, म्हणून रक्तही कमी येतं. मागणीच उतरलेली असते. मेंदू उपाशी राहत नाही. सवय लागणं, विसरायला होणं, तोल जाणं हे धोके आहेतच, पण ते वेगळे.

उलट ताई घाबरली की भराभर श्वास घेते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. म्हणजे रक्त खरं आटतं ते त्या घाबरण्यात, आणि मी बोट दाखवलं गोळीकडे!

तोंडी परीक्षेआधी तू जिन्यात बसली होतीस, बोटांना मुंग्या आल्यात म्हणत होतीस, ते हेच होतं. मी म्हणाले होते, 'नाटकं पुरेत.' दोन महिन्यांनी तू माझी वही परत पाठवलीस, वर 'नाटक कंपनीकडून सप्रेम' लिहून. त्यावर मी अजून हसते, पण माफी मात्र कधी मागितली नाही. आज मागते.

नवी नोकरी कशी आहे? काकांचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही.

ताईला एकदा फोन कर. माझ्याशी बोलते ती, पण हल्ली माझ्या प्रत्येक वाक्यावर विचारते, 'नक्की ना?'

तुझीच,
सुमा