अजून नुसते तुकडेच आहेत, सुमे

सोलापूर, २४ जुलै

प्रिय सुमे,

सव्वादोन वर्षं झाली, मी तुला पत्र लिहिलेलं नाही. फोन तूच करायचीस आणि मी "बरी आहे गं" म्हणून ठेवून द्यायचे. दोन संक्रांती तुझा तिळगूळ आला, त्याची पोचही मी दिली नाही. यातलं काही तू विसरली असशील असं मला वाटत नाही. आपण दोघीही विसरणाऱ्यातल्या नाही.

माझी शुगर आहे तिथंच आहे. ह्यांचं बीपी गोळीवर बरं आहे. ते सोड.

माझ्या अनूला दिवस आहेत. २० आठवडे झाले. घरचे सोडून हे पहिल्यांदा तुलाच सांगतेय. आणि सुमे, मी पुन्हा शिवायला घेतलंय.

आता वाच नीट, पत्र बाजूला टाकू नकोस.

रोज दुपारी जेवणं उरकली की मी माडीवर जाते आणि दार लोटून घेते. ह्यांना वाटतं, पडले असेन. तिथं पत्र्याच्या ट्रंकेत माझी कतरणीची बोचकी आहेत. तीस वर्षं गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं शिवली, त्यातून उरलेली. खणातून ब्लाउज बेतलं की मुंढ्याखाली एक तिकोनी चिंधी निघते, तीन बोटांची, तीसुद्धा मी कधी टाकली नाही. रुबिया आहे, कॅम्ब्रिक आहे, पॉपलीन आहे, इरकलीचे खण आहेत, गुळेदगुड्डचे खण आहेत. टेरिकॉटचं सगळं वेगळं काढलं. ते सुईखाली घसरतं आणि घाम शोषत नाही, बाळाच्या अंगाखाली नको. हातात चिंधी आली की बाई आठवते. ही जोशीकाकूंची, ही मधल्या आळीतल्या शेवंताची, हे तुझ्या लग्नातल्या माझ्या ब्लाउजचं. त्या हिरव्यावरून आपलं किती वाजलं होतं! तुला तो रंग हवा होता आणि आईनं मला दिला. तू माझ्याशी चार दिवस बोलली नाहीस, आणि लग्न तुझं होतं. त्या हिरव्याचे बरोब्बर सहा चौकोन निघाले.

हिशोब सांगते. प्रत्येक तुकडा दोन इंची चौकोनात कापायचा. चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची, म्हणजे शिवून झाल्यावर दीड इंच उरतो. छत्तीस बाय छत्तीसची चौघडी, म्हणजे बाळाची छोटी गोधडी, धरली तर एका ओळीत २४ आणि अशा २४ ओळी. एकूण ५७६ तुकडे. ओळीतले तुकडे जोडायलाच ५५२ छोट्या शिवणी लागतात, ओळी एकमेकींना जोडायच्या २३ लांब शिवणी वेगळ्या. सगळं हातानं. मशिन उघडलं की आवाज खाली जातो, आणि खरं सांगायचं तर मला मशिनवर नकोच आहे. नऊ नंबरची सुई, हातभरच दोरा, त्याला मेण, बारीक धावदोरा आणि दर चार टाक्यांनी एक उलटी टीप. एका ओळीला दोन दुपारी लागतात. आजवर सात ओळी झाल्या. ओळी सुट्याच आहेत, एकीला दुसरी जोडलेली नाही.

तू म्हणशील, सरळ गोधडी का नाही घातलीस? आपल्या आया घालायच्या तशी, खाली लुगडं अंथरून त्यावर चिंध्या मांडत. तेच तर सांगायचंय. गेल्या वर्षी धारवाडच्या वन्संनी हल्याळकडच्या सिद्दी बायकांनी शिवलेली एक कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, आणली. त्यांचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. पुढं ते उत्तर कन्नडाच्या रानात वसले. कवंदी शिवताना त्या कोपऱ्यापासून सुरू करतात, कडेकडेनं तुकडा ठेवत, दुमडत, टाके घालत आत आत येतात आणि मध्यावर संपवतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंधीचं तिकोनी फूल लावतात. मी ती कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसले होते. काय टाके आहेत गं, ज्वारीच्या पेरणीसारखे, सरळ आणि तरी हाताचे! पण तिथं पहिल्या टाक्यालाच अस्तर असतं. पहिला टाका पडला की ती कवंदी झालीच, फक्त पुरी व्हायची राहिली. माझं तसं नाही. मी नुसते तुकडे जोडतेय. अस्तर लागत नाही तोवर ती चौघडी नाही. कुणी विचारलंच तर मला म्हणता येईल, काही शिवत नाही, चिंध्या जोडत बसलेय.

कळलं ना आता, हे पत्र तुलाच का?

त्या फाल्गुनात तू पुतण्याच्या लग्नाला आलीस. मी हौसेनं कपाट उघडून तुला चौघडी दाखवली. पिवळी, लाल काठाची, पुरी झालेली. तू तिच्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "शके, आधी शिवून ठेवू नये गं." मी तुला काय काय बोलले! इंदूरला जाऊन म्हातारी झालीस म्हणाले, एवढी शिकलेली तू म्हणाले, आणि तू चहा न पिता उठलीस. पुढं चैत्रात, २२व्या आठवड्यात, अनूचं ते झालं.

सुमे, मी तुझ्यावर राग धरला. आधी वाटायचं, तुझ्या तोंडून ते निघालंच नसतं तर. मग वाटायचं, मी तुझं ऐकलं असतं तर. रात्र रात्र या दोन वाक्यांत जायची. तू फोन केलास, रडलीस, पण चौघडीचा शब्दही काढला नाहीस. तू काढला नाहीस म्हणजे तुझ्याही मनात तेच आहे, असं मी धरून चालले. म्हणून बोलले नाही. एवढंच आहे ते.

डॉक्टरांनी तेव्हाच नीट समजावलं होतं. बाळात काही दोष नव्हता. पिशवीचं तोंड मुदतीच्या खूप आधी उघडलं. कळा नाहीत, काही नाही, आणि कळेपर्यंत उशीर झाला होता. अनूनं काही केलं म्हणून नाही, कुणी काही शिवलं म्हणूनही नाही. या खेपेला १४व्या आठवड्यात त्यांनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला. ३६-३७व्या आठवड्यात तो काढतील. तोवर जड उचलायचं नाही, दगदग करायची नाही, आणि ठरल्या दिवशी जाऊन तपासून यायचं.

टाका. जावई फोनवर हा शब्द म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. फोन ठेवला, माडीवर गेले आणि ट्रंक उघडली. कशासाठी उघडतेय ते मलाही ठाऊक नव्हतं. बोचकं सोडलं, कात्री घेतली आणि दोन इंची चौकोन कापत बसले. त्या दिवशी ३८ कापले. कापायला बसले की छातीतली धडधड थांबते, सुमे. तुकडा उन्हाकडे धरायचा, उभा-आडवा धागा बघायचा, उरेब, म्हणजे तिरका धागा, आला तर परत फिरवायचा, कारण उरेबात कापड ताणतं आणि चौकोन चौकोन राहत नाही. मग दोन तुकड्यांची तोंडं जुळवायची, कोपऱ्याला कोपरा, आणि पहिला टाका. तेवढ्या वेळात मी पुण्यात अनूचं काय चाललं असेल याचा विचार करत नाही. तिचा तो टाका तिला धरून आहे, आणि मी इथं हे टाके धरून आहे.

मधे घोळही झाला. लाल खणाचे तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवले होते, म्हटलं रंग धरेल. कुठलं काय! ४१ पांढरे नि पिवळे तुकडे गुलाबी होऊन बसले. त्या दिवशी मी रडले, कापडासाठी नव्हे हे तुला सांगायला नको. आता प्रत्येक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबते, डाग उमटला की तो बाद. ते ४१ मात्र टाकले नाहीत. तिसऱ्या ओळीपासून पेरत गेले आणि खरंच छान दिसतायत, पहाटेच्या रंगाचे.

शाळेतल्या शिवणाच्या बाई असत्या तर माझी सातवी ओळ उसवायला लावली असती. आणि तुझी? तू तर नमुन्याचं काज स्वतःच्या परकरालाच शिवून उभी राहिली होतीस! बाई म्हणाल्या, "नमुना आणा", आणि तू परकरासकट टेबलापाशी गेलीस. परवा टाका घालता घालता ते आठवलं आणि मी एकटीच इतकी हसले की हे खालून विचारायला लागले, काय झालं गं.

आता मुख्य गोष्ट. परवा अनूचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि एकदम म्हणाली, "आई, तू काही शिवतेयस का?" मी म्हणाले, "नाही गं." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बरं." सुमे, त्या "बरं"चा अर्थ मला लागत नाही. तिला हायसं वाटलं की वाईट वाटलं? आई घाबरलीय, आईला भरवसा नाही, असं तर तिला वाटलं नसेल? की मी शिवतेय हे कळलं तर मागची पिवळी चौघडी तिच्या डोळ्यांपुढं येईल? ती पिवळी अजून माझ्याकडेच आहे, कडुलिंबाचा पाला घालून. उसवावी वाटत नाही, कुणाला द्यावी वाटत नाही, आणि या बाळाला घालायला हात होत नाही. पोटच्या पोरीशी मी खोटं बोलले. येत्या ७ ऑगस्टला तिचा २२वा आठवडा लागतो. त्या आठवड्यात तिच्याजवळ जाऊन राहीन म्हणतेय. पिशवीत या सात ओळी घेऊन जाऊ की इथंच ठेवू? तिच्यासमोर बसून शिवू? तिलाच तुकडे जुळवायला देऊ? दिवसभर घरात बसून कंटाळलीय पोर. की अजून चार महिने दार लोटूनच शिवायचं?

तू तेव्हा बोललीस ते खरं की खोटं, हे मला नकोच आहे. तुझी लेक असती तर तू काय केलं असतंस ते लिही.

तुझे गुडघे कसे आहेत? ऑपरेशनची तारीख मिळाली का? भाऊजी निवृत्त होऊन घरात बसले असतील, त्यांना पोहे करायला शिकव. मुलाच्या जर्मनीचं काय झालं? नातीचा फोटो पाठवलास तो पाहिला होता गं, अगदी तुझं कपाळ आहे. सगळं सविस्तर लिही, मी या वेळी उत्तर देईन.

आणि एक मागणं आहे. अस्तराला मऊ, धुऊन धुऊन विरलेलं सुती पातळ लागतं. माझ्याकडे जुनी आहेत, पण मला तुझ्याकडच्या काकूंचं हवंय. नव्वदीतली बाई, पाच लेकरं वाढवलेली. ते फिकट जांभळं अजून नेसतात का? त्यांना माझं सगळं सांग. त्यांच्यापासून काही लपवू नकोस, आणि त्यांनाही विचार, आधी शिवावं की नाही. त्या दे म्हणाल्या तर स्टार्च न करता, इस्त्री न फिरवता, साध्या टपालानं पाठव. नको म्हणाल्या तर तसं लिही, मी तुकडे तसेच घडी करून ठेवीन आणि बारशानंतर अस्तर लावीन.

पण उत्तर ७ तारखेच्या आत पाठव.

तुझी,
शकू