कैचीतला अँगल आणि ०.८५ ची जुनी सवय

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

वळवाच्या वाऱ्यात शेड कोसळली की दोष लोखंडाला किंवा वेल्डरला दिला जातो. कैचीतला (छताच्या त्रिकोणी सांगाड्यातला) दाबाखालचा एकेरी अँगल (एल-आकाराचा लोखंडी दांडा) गणितातच कमी पडला होता का, हे क्वचितच कोणी पाहतो. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेची २००७ ची आवृत्ती वापरणारे अनेक जण दाबाखालच्या अँगलचे कलम ७.५ मात्र अजून १९८४ च्या सवयीने वाचतात.

जुन्या संहितेत टोकाला दोन बोल्ट किंवा वेल्ड असेल तर लांबी ०.८५ ने गुणायची. एकच बोल्ट असेल तर पूर्ण लांबी घेऊन मान्य दाबताण (स्ट्रेस) ८० टक्के धरायचा. एका पायाने जोडलेल्या अँगलसाठी आता समतुल्य स्लेंडरनेसचे (लांबीच्या मानाने दांडा किती सडपातळ, त्या गुणोत्तराचे) सूत्र आहे. बोल्टची संख्या आणि टोकाची पकड त्यातल्या के-१, के-२, के-३ या स्थिरांकांमध्ये आधीच धरलेली आहे. म्हणून लांबी सांध्याच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत, पूर्ण घ्यायची. तिथे पुन्हा ०.८५ लावले की एकच सवलत दोनदा घेतली जाते.

७५×७५×६ चा, २ मीटर लांबीचा, २५० ग्रेडच्या पोलादाचा अँगल घ्या. दोन बोल्ट, टोके हिंज (फिरू शकणारी) धरल्यास क्षमता सुमारे ६२ किलोन्यूटन, फिक्स्ड (घट्ट धरलेली) धरल्यास ८६. एकच बोल्ट आणि हिंज असेल तर जेमतेम ४२. हिंजच्या सूत्रात ०.८५ घुसवले की ६२ चे ७२ होतात. आणि ०.८५ तसेच ठेवून, आर-व्हीव्ही या सर्वांत कमी जडत्व-त्रिज्येच्या (१४.६ मिमी) जागी पायाला समांतर अक्षाची आर-एक्सएक्स (२३ मिमी) घेऊन अक्षीय भाराचे साधे गणित केले, तर उत्तर थेट १२६! ही चूक आजही दिसते.

फिक्स्ड की हिंज, हे गसेट (सांध्यावरची जोडपट्टी) आणि ज्याला अँगल जोडला त्या कॉर्डच्या (कैचीच्या वरच्या किंवा खालच्या मुख्य दांड्याच्या) ताठरपणावर ठरते. मधल्या स्थितीसाठी दोहोंच्या दरम्यानची किंमत घेण्याची मुभा तक्त्याखालच्या टिपेत आहे. पातळ गसेट आणि हलका कॉर्ड असेल तर आम्ही हिंजच धरू.

गसेटच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या दुहेरी अँगलला गसेटच्या प्रतलात लांबीला ०.७ ते ०.८५ चा गुणक चालतो, लंब दिशेत नाही. टॅकचे (दोन अँगल मध्येमध्ये एकमेकांना बांधणाऱ्या जोडांचे) अंतर ६०० मिमी हे सर्वांना पाठ असते; पण दोन टॅकमधल्या एकेका अँगलचा स्लेंडरनेस ४० च्या वर जाता कामा नये, हे विसरले जाते. ५०×५०×६ चा आर-व्हीव्ही ९.६ मिमी, म्हणजे टॅक ३८४ मिमीच्या आतच हवा. संपूर्ण सदस्याच्या स्लेंडरनेसच्या ०.६ पट ही दुसरी मर्यादा याहून कमी आली, तर आणखी जवळ.

हलक्या पत्र्याच्या शेडमध्ये वारा छप्पर वर खेचतो, तेव्हा एरवी ताणाखाली असणारा खालचा टाय दाबाखाली येतो. त्याला ३५० ची मर्यादा पाळली म्हणजे झाले, असा समज आहे. ती फक्त स्लेंडरनेसची मर्यादा. दाबाची क्षमता वेगळी तपासावीच लागते. तीही आडव्या ब्रेसिंगमधले अंतर धरून, पॅनेलची (कैचीच्या दोन सांध्यांमधली) लांबी धरून नव्हे.

आपले,
संरचना अभियंते, कोल्हापूर