लेकराला भरती करा, पण मायची बुडीत मजुरीही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनाने बिथरलेल्या मुलांसाठी जिल्ह्यात निवासी उपचार केंद्र काढावे, ही मागणी आपल्या अंकात वाचली. मागणी रास्तच आहे. पण तिथे लेकराजवळ कोण राहणार, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. घाटंजी तालुक्यात सव्वीस वर्षे अंगणवाडी चालवली, म्हणून हे लिहिते.

आमच्या शेजारचा एक मुलगा, वय नऊ. वडिलांनी आत्महत्या केली आणि वर्षभराने याचे बिनसले. रात्री ओरडत उठायचा, शाळेत पोरांना चावायचा, मग बोलणेच बंद. आधी बाबाजी झाले, दोरे झाले. (आमच्याकडे हा टप्पा चुकत नाही, आणि मीही अडवले नाही.) शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून मायने त्याला दूरच्या एका खासगी संस्थेत नेऊन ठेवले. पहिला महिना भेट नाही, फोन नाही, असा तिथला नियम. वावरात कापूस फुटलेला. खरे सांगायचे तर तिलाही ते सोयीचे वाटले. दोन महिन्यांनी पोरगा शांत होऊन आला. सुधारला, असे सगळे म्हणाले. मी जेवायला बोलावले, तर ताट घेऊन भिंतीला चिकटून उभा राहिला. बस म्हटले तरी बसेना. आपला नंबर यायची वाट पाहत होता. घरात जेवणारे आम्ही दोघेच.

याला उपचार म्हणत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 तर स्पष्ट सांगतो की बाहेरचे उपाय थकले किंवा ते लागू पडण्यासारखे नसले तरच मुलाला भरती करायचे. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवायचे, पालक किंवा त्याने नेमलेले माणूस पूर्ण मुक्काम सोबत हवे, आणि भरतीची खबर 72 तासांत मानसिक आरोग्य मंडळाला द्यायची. महिनाभर भेट बंद ठेवणारी संस्था या कायद्यात कुठे बसते, ते कोणीतरी जाऊन तपासावे.

पण कायद्याने मायला लेकराजवळ बसवले, तिच्या रोजाचे काय? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार, त्यांतले विदर्भाच्या वाट्याला एक, नागपूरचे. वेचणीच्या हंगामात पंधरा दिवस नागपुरात काढणे म्हणजे मजूर बाईचे वर्षच गेले. घरी दुसरी लेकरे, सासू, एखादी बकरी. ती मुलाला सोडून परत येणार, नाहीतर नेणारच नाही.

कुपोषित मुलांसाठी सरकारला हे कळले आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात मायला लेकरासोबत ठेवतात, जेवण देतात, वर बुडीत मजुरी देतात. मी किती मायांच्या हातापाया पडले असेन! मजुरीचे नाव निघाल्याशिवाय एकीचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. चौथ्या दिवशी पळून आलेल्याही पाहिल्या, नाही असे नाही. पण बहुतेक राहिल्या, आणि लेकरे वजन धरून परतली. वजन काट्यावर दिसते म्हणून त्याला पैसा, आणि मन दिसत नाही म्हणून काहीच नाही?

जिल्हा रुग्णालयातच मुलांसाठी चार-सहा खाटा वेगळ्या काढा, प्रत्येकीजवळ मायची एक खाट टाका आणि तिचा रोज द्या. नवी इमारत, फीत कापणे यांची गरज नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारने काढलेला टेलिमानसचा 14416 हा फोन चांगलाच आहे, मी गावात सांगतेही. पण बोलणेच बंद झालेल्या पोराने फोनवर काय सांगावे?

तो मुलगा आता महिन्यातून एकदा सरकारी ओपीडीत जातो. थोडे बोलू लागला आहे. एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, पण दिवस बुडतो तो बुडतोच. या महिन्याची तारीख चुकली. वेचणी सुरू होती.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
(मुलाची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)